हुएला एका दिवसात जाताय? मग यादी लहान करा

मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाल्यापासून आपल्याकडची मंडळी व्हिएतनामला भरपूर जाऊ लागली आहेत. दा नांग किंवा होई आनला मुक्काम, एक दिवस बा ना हिल्सवरच्या त्या दगडी वाटणाऱ्या हातांच्या पुलासाठी, एक दिवस समुद्रासाठी. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की जवळच जुनी राजधानी आहे, स्वतंत्र गाडी केली तर एका दिवसात होते. होते, खरंच होते. दा नांगहून हुए साधारण शंभर किलोमीटर. होई आनहून निघालात तर त्यात आणखी तीसेक धरा. बोगद्यातून गेलं की दोन-अडीच तास, घाटातून तीन.

घोळ पुढे होतो. गाडीवाल्याकडून कार्यक्रमपत्रिका येते: राजवाडा, तीन राजांच्या समाध्या, पॅगोडा, बाजार, उदबत्तीचं गाव, नदीत होडी, घाटमाथा, सरोवर. आपण म्हणतो, एवढे पैसे देतोय तर सगळं बघून घेऊ. माझं सांगणं असं की हा कागद हातात पडला की पेन घ्या आणि निम्म्या नावांवर काट मारा. एक राजवाडा, एक समाधी, आणि वेळ उरला तर पॅगोडा. घोळक्याच्या बसमध्ये हे करता येत नाही, कारण तिथे वेळ गाइडच्या हातात. स्वतंत्र गाडीचे जास्त पैसे आपण मोजतो ते जिथे मन रमलं तिथे थांबायला मिळावं म्हणून आणि जे नको ते सोडता यावं म्हणून. ती गाडी घेऊन पुन्हा बससारखंच पळायचं असेल तर बसचं तिकीट स्वस्त पडेल.

राजवाड्याला किमान अडीच तास द्या. न्गुयेन घराण्याने 1802 ते 1945 इथून राज्य केलं. तेरा राजे झाले. बाहेरचा कोट सुमारे दहा किलोमीटर घेराचा आहे, आणि त्याच्या आत आजही लोकांची घरं, शाळा, बाजार आहेत. गाडी त्यातून आरामात जाते. त्याच्या आत दुसरा तट, तो दरबाराचा, आणि त्याच्याही आत तिसरं आवार, फक्त राजाच्या कुटुंबाचं. त्या सगळ्यात आतल्या आवारात गेल्यावर बरेच जण गोंधळतात, कारण समोर मोकळी हिरवळ आणि नुसती जोती दिसतात. 1947 मध्ये फ्रेंचांशी लढाई चालू असताना तिथले बरेचसे महाल जळाले. उरलेल्यांवर 1968 च्या तेत सणाची लढाई कोसळली: कम्युनिस्ट फौजांनी हुए घेतलं, ध्वजस्तंभावर त्यांचा झेंडा जवळजवळ महिनाभर फडकत होता, आणि अमेरिकी व दक्षिण व्हिएतनामी सैन्याने ते गल्लीगल्लीतून परत घेतलं. तेव्हा राजवाडा मोडका म्हणून नाराज होऊ नका. जे रंगीत आणि चकचकीत दिसतं, म्हणजे सिंहासनाचा थाई होआ महाल किंवा मागचा किएन चुंग प्रासाद, ते 2024 मध्ये दुरुस्तीनंतर किंवा नव्याने बांधून खुलं झालेलं आहे. फोटो तिथेच काढले जातात. काढा तुम्हीही.

पण पाय वळवायला हवेत ते डावीकडे, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात. तिथे थे मिएऊ हे राजांचं पूर्वजमंदिर आहे, आणि ते दोन्ही लढायांतून वाचलं. त्याच्या अंगणात काशाची नऊ अजस्र त्रिपाद पात्रं ओळीने उभी आहेत. मिन्ह मांग राजाने ती 1835 ते 1837 या काळात ओतवली. सर्वांत मोठं, घराण्याचा संस्थापक झा लाँग याच्या नावाचं, अडीच टनांहून जड आहे आणि ओळीतून थोडं पुढे, मधोमध ठेवलेलं आहे. जवळ जाऊन पोटावरची चित्रं एकेक करून बघा. त्या एकट्या पात्रावर सूर्य आहे, वाघ आहे, फणस आहे, भाताची लोंबी आहे, शिडाचं जहाज आहे आणि तोफही आहे. राज्यात काय काय आहे याची मोजदादच राजाने धातूत करून ठेवली: नद्या, डोंगर, कालवे, भाज्या, फुलं, झाडं, शस्त्रं. दुसऱ्या एका पात्रावर हाई व्हान घाटावरचं नाकं कोरलेलं आहे, ज्या घाटातून तुम्ही त्याच संध्याकाळी परतणार आहात. मुलं बरोबर असतील तर त्यांना ते शोधायला लावा. अर्धा तास कटकट करणार नाहीत. काही पात्रांवर गोळ्यांचे ओरखडेही दिसतात.

मंदिराच्या आत डोकवा, राजांची आसनं मांडलेली आहेत. त्यातली तीन आसनं फार उशिरा, 1959 मध्ये आली: हाम न्घी, थान्ह थाई आणि दुई तान यांची. तिघांनाही फ्रेंचांनी पदच्युत करून हद्दपार केलं होतं, हाम न्घीला अल्जीरियात आणि उरलेल्या दोघांना हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर. फ्रेंच असेपर्यंत त्यांची पूजा करायची सोय नव्हती. हे ठाऊक असलं की ते काळोखं दालन पुढच्या सोनेरी सिंहासनापेक्षा जास्त बोलतं.

राजवाड्यात सावली कमी. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत ऊन असं असतं की अकरा वाजता फरशी तापते. म्हणून माझा सल्ला बहुतेक कार्यक्रमांच्या उलट आहे: उन्हाळ्यात जाताना बोगदा, येताना घाट. सहा-सव्वासहा किलोमीटरचा हाई व्हान बोगदा 2005 मध्ये झाला. सकाळी साडेसहाला दा नांग सोडलंत तर नऊच्या आत तुम्ही राजवाड्याच्या न्गो मोन दरवाजात असाल, गर्दीच्या आणि उन्हाच्या आधी. बाओ दाई या शेवटच्या राजाने 30 ऑगस्ट 1945 रोजी गादी सोडल्याचं जाहीर केलं ते याच दरवाजावरून. घाट संध्याकाळी घ्या, ऊन उतरलेलं असतं. हिवाळ्यात मात्र लवकर अंधारतं, तेव्हा घाट सकाळीच उरका. घाटमाथा पाचशे मीटरच्या आसपास आहे, तिथलं 1826 चं नाकं दुरुस्तीनंतर 2024 मध्ये पुन्हा उघडलं. धुकं असेल तर काहीच दिसत नाही, हेही धरून चला. ड्रायव्हर म्हणाला की आज वर ढग आहे, तर त्याचं ऐका आणि बोगद्यातून या.

आता समाधी. तीन प्रसिद्ध आहेत. खाई दिन्ह राजाची 1920 ते 1931 अशी अकरा वर्षं बांधली जात होती. काँक्रीटची, बाहेरून काळवंडलेली, आत चिनी मातीच्या आणि काचेच्या तुकड्यांचं काम इतकं दाट की डोळे दिपतात. पण शंभरावर पायऱ्या आहेत, आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्या माणसाने दुपारी दोनच्या उन्हात त्या चढू नयेत. मिन्ह मांगची सर्वांत शांत आणि रेखीव, पण शहरापासून लांब. एकच बघायची तर मी तू दुकची सांगेन.

तू दुकने छत्तीस वर्षं राज्य केलं. तळं, कमळं, तळ्यावर लाकडी मंडप, पाइनची झाडं असलेली ही जागा त्याने जिवंतपणीच, 1864 ते 1867 मध्ये बांधून घेतली, आणि मरेपर्यंत तो इथे येऊन राहत असे, कविता करत असे. ऐकायला गोड आहे. पण बांधकामावरच्या मजुरांचे असे हाल झाले की 1866 मध्ये त्यांनी बंड केलं, आणि त्याच वर्षांत दक्षिणेचे प्रांत फ्रेंचांच्या घशात जात होते. राजाला शंभरावर राण्या होत्या, मूल एकही नाही. बापाच्या समाधीचा शिलालेख मुलाने लिहायचा असतो. मुलगा नसल्याने यानेच स्वतःचा लिहिला, जवळजवळ पाच हजार अक्षरांचा, आणि त्यात आपल्या कारभाराच्या चुका कबूल केल्या. वीस टनांची ती शिळा मंडपाखाली उभी आहे. वाचता येत नाही आपल्याला, तरी पाच मिनिटं तिच्यासमोर थांबा. असा शिलालेख सहसा कुणी राजा स्वतःबद्दल कोरून घेत नाही.

या समाधीच्या वाटेवर थुई शुआन नावाचं उदबत्तीवाल्यांचं गाव लागतं. रंगीत काड्यांचे पंखे मांडून ठेवलेले असतात, फोटो सुंदर येतो. फोटो काढला की काहीतरी विकत घेण्याची अपेक्षा असते; दहा मिनिटं, एक पुडा, आणि पुढे. मोत्यांच्या आणि संगमरवराच्या दुकानांना मात्र आधीच नाही म्हणा.

वेळ उरलाच तर थिएन मू पॅगोडा. प्रवेश फुकट, नदीकाठ छान, सात मजल्यांचा मनोरा 1844 चा. मागच्या बाजूला एक जुनी ऑस्टिन गाडी ठेवलेली आहे. थिच क्वांग दुक हे भिक्षू 11 जून 1963 रोजी याच गाडीतून सायगॉनच्या चौकात गेले आणि त्यांनी स्वतःला जाळून घेतलं. बौद्धांच्या ज्या आंदोलनात हे घडलं त्याची ठिणगी महिनाभर आधी हुएमध्येच पडली होती, बौद्ध ध्वज लावण्यावरच्या बंदीवरून.

गाडी ठरवताना या गोष्टी लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर किंवा तिथल्या ‘झालो’ अॅपवर. दर पूर्ण गाडीचा की माणशी? टोल, पार्किंग, पेट्रोल, ड्रायव्हरचं जेवण त्यातच ना? किती तास, आणि वरच्या तासाला किती? घाटातून जाण्याचे वेगळे पैसे का? तिकडे सात आसनी म्हणजे ड्रायव्हर धरून सात. सहा जण आणि मोठ्या बॅगा असा हिशेब असेल तर कोंबाकोंबी होईल. प्रवेशतिकिटं बहुधा धरलेली नसतात. राजवाड्याचं तिकीट गेली काही वर्षं दोन लाख डाँग आहे, म्हणजे आपले सहा-सातशे रुपये. समाध्यांसह एकत्र तिकीट घेतलं तर थोडं वाचतं, पण तुम्ही एकच समाधी बघणार असाल तर आधी बेरीज करून बघा. रोख देताना वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट नीट बघा. दोन्ही निळसर असतात, आणि घाईत पंचवीस पट पैसे जाऊ शकतात.

ड्रायव्हर गाइड नसतो. गाइडला तिथे परवाना लागतो, आणि ड्रायव्हरचं इंग्रजी बहुतेक वेळा मोजक्या शब्दांचं असतं. इतिहास ऐकायचा असेल तर राजवाड्यापुरता गाइड वेगळा घ्या. आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यात सगळ्यात जास्त माणसं हरवतात: राजवाड्यात तुम्ही दक्षिणेच्या न्गो मोन दरवाजाने शिरता, पण बाहेर सहसा पूर्वेच्या हिएन न्होन दरवाजाने पडता. गाडी तिथे बोलवा, आणि उतरण्यापूर्वीच ड्रायव्हरला नकाशावर बोट ठेवून ती जागा दाखवा. मंदिरं आणि समाध्यांमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत. हाफ पँटवाल्यांनी एक पातळ पायजमा गाडीत ठेवावा.

जेवणाचं आधी सांगून ठेवा, नाहीतर गाडी थेट बसवाल्यांच्या मोठ्या हॉटेलपाशी उभी राहते. हुएचं प्रसिद्ध बुन बो म्हणजे गोमांसाच्या रश्शातल्या शेवया, तेव्हा न खाणाऱ्यांनी नाव लक्षात ठेवावं. शाकाहाऱ्यांना मात्र व्हिएतनाममध्ये हुएइतकी सोय कमी ठिकाणी मिळेल. बौद्ध मठांचं शहर आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक घरांत शाकाहारीच शिजतं. पाटीवर ‘चाय’ असा उच्चार असलेला शब्द शोधा. ड्रायव्हरला ‘आन चाय’ म्हटलं की तो समजतो. कडक बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींचंही बरंचसं भागतं. इतर हॉटेलांत ‘भाजी’ म्हणून आलेल्या ताटात माशाचं पाणी असू शकतं, तिथे विचारून घ्या.

आता सुट्ट्यांचं. आपण निघतो दिवाळीत किंवा मे महिन्यात. मे महिना भाजून काढतो, तरी सकाळी लवकर निघून भागवता येतं. दिवाळी मात्र नेमकी हुएच्या पावसाळ्यात येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे पूर येतात; ऑक्टोबर 2025 अखेरीस शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. त्या दिवसांत जायचंच असेल तर गाडीवाल्याला आगाऊ थोडेच पैसे द्या, आणि पाऊस असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत रद्द करता येईल असं कबूल करून घ्या. ज्यांना सुट्टीची सक्ती नाही त्यांनी फेब्रुवारी ते एप्रिल धरावा.

आणि घरात कुणाला घाटात गाडी लागत असेल तर गाडी एकेरीच करा. सकाळी बोगद्यातून गाडीने हुएला, संध्याकाळी रेल्वेने दा नांगला. हाई व्हान डोंगराच्या कडेने, समुद्राला लागून जाणारा तो रेल्वेमार्ग या भागातला सर्वांत देखणा आहे, आणि 2024 पासून या दोन शहरांमध्ये खास पर्यटकांसाठीही गाड्या सुटतात. उजेड असेल अशीच वेळ निवडा. हुएहून दा नांगला येताना समुद्र डावीकडे असतो, आसनं तशी मागा.