गोल कोणाचा?

खडकीत चहाच्या टपरीवर हॉकीचा विषय निघाला, की धनराज पिल्लेचे नाव यायचेच. तो इथलाच! ‘आता तसा आघाडीवीर कुठे? फळीच बदला,’ हा निकालही ठरलेला. मीही त्यावर मान डोलवत असे. पुरावा हाताशी होता: २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचे १५ गोल, त्यांतले १० एकट्या हरमनप्रीत सिंगचे, आणि तो तर बचावपटू!

पण हा हिशेब अपुरा आहे. हरमनप्रीतचे गोल पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवरचे. कॉर्नर काही आपोआप मिळत नाही. कुणीतरी चेंडू घेऊन वर्तुळात घुसतो, नडगीवर फटके खातो, तेव्हा तो मिळतो. गुणफलकावर त्याचे नाव नसते.

ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. उरलेली चाळीसहून अधिक मिनिटे दहाजण लढले, १-१ अशी बरोबरी राखली आणि शूटआउटमध्ये जिंकले. तेव्हा आघाडीवीरही मागे येऊन बचाव करत होते.

म्हणून मंडळी, फळी बदलण्याआधी एक करा. पुढच्या सामन्यात पाच मिनिटे चेंडू सोडून एखाद्या आघाडीवीराकडेच पाहा. मग खुशाल भांडू, चहा माझ्याकडून!