रात्रपाळीचा दिवा

बोईसरच्या एमआयडीसीत पाळी बदलण्याची वेळ झाली की सालवड, पास्थळ, कुंभवली, सरावलीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सायकली दिसू लागतात. अंगात गडद गणवेश, कॅरिअरला डबा आणि मागून येणारा टँकर. यातल्या फार थोड्या सायकलींना दिवा असतो. १९६९ पासून देशाला अणुवीज देणारे तारापूरचे केंद्र इथून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर आहे, हे आठवले की या रस्त्यांवरचा अंधार जास्तच टोचतो.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या मोटारसायकलींचा पुढचा दिवा दिवसाढवळ्याही सुरू राहतो. सायकलीचे मात्र उलटे झाले. एके काळी दिवा नाही म्हणून पोलीस सायकलस्वाराला अडवत आणि चाकाला घासणारा डायनॅमो घरोघरी माहीत होता. डायनॅमो गेला आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. रिफ्लेक्टर असतो, पण तो मागच्या गाडीचा प्रकाश पडला तरच चमकतो आणि पावसाळ्यात चिखलाने लिंपला की तेवढाही नाही.

ताशी ६० किलोमीटरने येणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकते. चालकाला समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी तितकेच अंतर लागते, भरलेल्या टँकरला त्याहून जास्त. गडद कपड्यांतला माणूस खाली पाडलेल्या हेडलाइटमध्ये बरेचदा यापेक्षा कमी अंतरावर दिसतो. चालकाने दिसताक्षणी ब्रेक दाबला तरी उपयोग होत नाही तो यामुळे. आणि पालघर जिल्ह्यात डोक्याला जबर मार बसला तर रुग्णाला अनेकदा मुंबईला किंवा वापी-सिल्वासाकडे हलवावे लागते. तो वेळ मेंदूच्या दुखापतीत फार महागात पडतो.

हेल्मेटवर बसवायचा, काढता येणारा छोटा दिवा हे यावरचे साधे उत्तर आहे. पालघर-बोईसर पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि ‘स्मार्ट हेल्मेट’ हा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचा लाडका विषय आहे. अडचण अशी, की असे प्रकल्प बहुधा ब्लूटूथ, वळणदर्शक आणि सेन्सरपासून सुरू होतात. ते कारखान्याच्या गेटपासून सुरू व्हायला हवेत.

तारापूरच्या रासायनिक आणि औषधी कारखान्यांत जिथे ज्वालाग्राही द्रावके हाताळली जातात, तिथे साधा मोबाइलही आत नेऊ देत नाहीत. स्विच किंवा सेलमधली बारीकशी ठिणगी तिथे पुरेशी असते. हेल्मेटला कायमचा जोडलेला बॅटरीवाला दिवा त्या गेटमधून आत जाणारच नाही आणि बाहेर सायकलीवर ठेवला तर परत येताना तो तिथे असेलच असे नाही. म्हणून दिवा एका हाताने, अंधारात, दोन सेकंदांत निघाला पाहिजे आणि लॉकरमध्ये किंवा गेटवरच्या खोक्यात ठेवता आला पाहिजे. ‘काढता येणारा’ हा शब्द इथे सोयीपुरता नाही, सगळी रचना त्यावर उभी आहे.

दुसरी परीक्षा पावसाची. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात कामगार रेनकोटची टोपी डोक्यावर ओढतो आणि हेल्मेटचा दिवा तिच्याखाली गडप होतो. टोपी नसली तरी पावसाच्या माऱ्यात मान खाली जाते आणि मागचा लाल दिवा आकाशाकडे पाहू लागतो. पुढचा पांढरा दिवा डोळ्यांजवळ असला तर त्याचा प्रकाश थेंबांवरून परत डोळ्यांवर येतो, रस्ता दिसण्याऐवजी पांढरा पडदा दिसतो. तेव्हा पांढरा दिवा हँडलवरच बरा. लाल दिव्याची काच घुमटासारखी असावी, म्हणजे मान झुकली तरी प्रकाश मागे जाईल. आणि तोच दिवा रेनकोटच्या कॉलरला, पाठीवरच्या पिशवीला अडकवता यावा. खरे तर बहुतेक सायकलस्वार हेल्मेट घालतच नाहीत, त्यांनाही तो वापरता आला पाहिजे.

कारखान्याचे पिवळे हेल्मेट सायकलीवर चालेल, हा समजही काढून टाकायला हवा. ते वरून पडणाऱ्या वस्तूपासून वाचवते. सायकलीच्या हेल्मेटमध्ये थर्मोकोलचा जाड थर असतो आणि तो स्वतः चेपून आघात पचवतो. यांपैकी कोणत्याही हेल्मेटला दिव्यासाठी भोक पाडणे म्हणजे त्याची ताकद काढून घेणे. काही गोंदांतली द्रावके प्लास्टिकचे कवचही कमकुवत करतात. पट्टा रबरी हवा आणि डोके आपटले तर दिवा सहज निखळून पडायला हवा. घट्ट बसलेला टणक तुकडा आघात एका जागी खुपसतो. पहिल्या नमुन्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पुरेशी आहे. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकची पकड बनवण्याचा मोह टाळावा, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या हेल्मेटवर वाकू शकते.

बाकीचे गणित सोपे आहे. ५०० मिलिअँपिअर-तासाचा छोटा लिथियम सेल दहा-बारा ग्रॅमचा असतो. लाल एलईडी सरासरी ४० मिलिअँपिअर खात असेल तर तो बारा तास चालेल. रोज तासभर सायकल चालवणाऱ्याला दहा दिवसांतून एकदा, मोबाइलच्याच चार्जरवर चार्जिंग. खाऱ्या हवेत आणि कारखान्यांच्या आम्लयुक्त वाफांत धातूचे उघडे टोक लवकर गंजते, तेवढे मात्र झाकले पाहिजे. नुसता लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण तो किती दूर आहे याचा अंदाज चुकतो. त्यामुळे एक स्थिर आणि एक लुकलुकणारा, अशी जोडी चांगली.

दिवा आला म्हणून रस्त्यावरचे खांब लावण्याची जबाबदारी एमआयडीसीवरून उतरत नाही. कारखान्यांनी गणवेश आणि बुटांबरोबर हा दिवाही द्यायला हरकत नाही, त्याचा खर्च बुटांपेक्षा जास्त नसेल. त्याआधी नमुन्याची चाचणी प्रयोगशाळेच्या टेबलावर नव्हे, तर जुलैतल्या एखाद्या रात्री कंपनीच्या आवारात व्हावी. रेनकोट घातलेला कामगार शंभर मीटरवर सायकलीवर बसवावा आणि वायपर चालू असलेल्या टँकरच्या केबिनमधून चालकालाच विचारावे, समोर काय दिसते.