पोरीच्या हाती हातोडी का नको?

सावनेरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये मी दोन वर्षांपासून जाते. गाडी दुरुस्तीला नव्हे, माझ्याकडे गाडीच नाही. तिथे आमच्या बचत गटाची एक सभासद काम करते. काम करते, असं मी म्हणते. तिचा नवरा म्हणतो, ‘घरीच असते, कदी कदी हात लावते.’ हात लावते म्हणजे काय, ते मी पाहिलं आहे. नवरा पत्रा ठोकून सरळ करतो. त्यावर लांबी भरायची, ती वाळली की पाणी मारत मारत कागदाने घासायची, डोळे मिटून तळहात फिरवायचा, उंचसखल लागलं की पुन्हा भरायची, पुन्हा घासायची, हे सगळं ती करते. रंग चांगला बसतो तो या घसाईवर. गिऱ्हाईक पैसे देतं नवऱ्याच्या हातात, आणि कारागीर म्हणून नावही त्याचंच.

यंदा तिची मुलगी दहावी पास झाली. ‘मले डेंटिंग शिकाचं हाये, ताई. पपाले नव्या गाड्यांचं काई समजत नाई.’ मी समाजकार्यात एम. ए. केलेली बाई, ‘महिला सबलीकरण’ हा शब्द अहवालात शेकडो वेळा लिहिलेली. मोठ्या हौसेने तिच्यासोबत आयटीआयचा अर्ज भरायला गेले. मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर, मग शीट मेटल वर्कर, मग वेल्डर, असा क्रम आम्ही सांगितला. टेबलामागच्या गृहस्थांनी आधी मुलीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. ‘मॅडम, पोरीचं आयुष्य काऊन खराब करता?’ आणि पहिल्या पर्यायात शिलाई टाकून मोकळे झाले. आम्ही भांडून क्रम बदलून घेतला. पण मागे रांगेत उभ्या असलेल्या चार मुलींनी हे सगळं ऐकलं, त्याचं काय?

म्हणे, काम जड आहे. मैत्रिणींनो, हे जडपण जरा तपासून पाहू या. मोटारीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा. आतून डॉली टेकवायची आणि बाहेरून हातोडीचे हलके, जवळजवळ ठोके द्यायचे. जोरात मारलं की पत्रा ताणला जातो, आणि मग तो गरम करून, एकदम गार करून आक्रसवायचा उपद्व्याप करावा लागतो. म्हणजे इथे जोर हा गुण नसून दोष आहे! चेसिस वाकली तर ती कोणी दंडाच्या बळावर ओढत नाही, हायड्रॉलिक पंप ओढतो. याच तालुक्यात बाया विटा वाहतात, बागेतून संत्र्यांची ओझी काढतात, तेव्हा कोणाला त्यांच्या नाजूकपणाची आठवण होत नाही. बाईला जड काम चालतं. ज्या कामाचं प्रमाणपत्र मिळतं आणि मजुरी ठरवून घेता येते, ते काम तेवढं तिला झेपत नाही.

दुसरा मुद्दा रंगाच्या विषाचा. तो मात्र खरा आहे. हल्लीच्या टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवारणीत ती छातीत गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वाफेनेही धाप लागते. तोंडाला बांधलेला रुमाल तिथे कुचकामी. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. पण मग हे विष पुरुषाच्या छातीला चालतं का? 1921 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पांढऱ्या शिशाच्या रंगाबद्दल करार केला. त्यात औद्योगिक रंगकामातून सगळ्या स्त्रियांना आणि 18 वर्षांखालच्या मुलग्यांना बाहेर काढलं. मोठा पुरुष आत राहिला. शिसं त्यालाही सोडत नव्हतं. शंभर वर्षं झाली, ‘संरक्षण’ म्हणजे बाईला दाराबाहेर ठेवणं ही समजूत कायम आहे. आणि पदर नाकाला लावून त्याच शेडमध्ये घासत बसलेली आई कोणाला दिसत नाही, कारण ती तर फक्त ‘हात लावते’.

1974 साली टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ असं वाचून सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवलं आणि नोकरी मिळवली. पुढे त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात फक्त महिलांची असेंब्ली लाइनही उभी राहिली. आनंद आहे. पण त्या बंगलोरच्या विज्ञान संस्थेत शिकत होत्या. सावनेरच्या दहावी पास मुलीने पोस्टकार्ड कोणाला पाठवायचं?

आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव आहेत. मुली आल्या नाहीत की त्या जागा मुलांना जातात, आणि वर ऐकवलं जातं, ‘मुलींनाच आवड नाही.’ प्रशिक्षण संपलं तरी पुढे शिकाऊ उमेदवारी आहेच. 2019 पासूनच्या नियमांनुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन आहे; 4 ते 29 असतील तर मालकाची मर्जी. आपल्याकडची बहुतेक गॅरेजं मर्जीवाल्यांत मोडतात, काही तर त्यातही नाहीत.

आता थोडं आपल्याबद्दल. माझ्या संस्थेच्या खोलीत नऊ शिलाई मशीन आहेत. देणगीदार मिळाला की आपण मशीन घेतो, फोटो काढतो. शिलाई वाईट नाही. माझी आई त्यावरच आम्हाला वाढवू शकली. पण एका गावात ब्लाउज शिवणाऱ्या किती बाया पोट भरणार? आणि कोळशाचे ट्रक, संत्र्यांच्या गाड्या, मोटारसायकली या रस्त्यावर रोज एकमेकींना घासतात. डेंटिंगवाल्याला काम शोधावं लागत नाही. टेबलामागच्या त्या गृहस्थांवर मी चिडले, पण गेल्या पाच वर्षांत मी स्वतः किती मुलींना वेल्डिंगबद्दल सांगितलं? एकीलाही नाही.

मागच्या बैठकीत मी ठराव मांडला: दहावी मशीन घ्यायची नाही, त्या पैशात दोन मुलींना चांगले मुखवटे, बूट आणि हातोडी-डॉलीचा संच घ्यायचा, आणि आईच्या घसाईची मजुरी वहीत तिच्या नावावर लिहायला त्या गॅरेजवाल्याला भाग पाडायचं. वाद बराच झाला. एकीने विचारलं, ‘तिथं बायांसाठी संडास हाये का?’ नाही. आई दिवसभर पाणी न पिता काढते, हे मी तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलले. शेजारच्या तीन गॅरेजवाल्यांनी मिळून एक बांधावा, असं आम्ही त्यांना सांगून आलो आहोत. दोघे तयार आहेत. तिसरा म्हणतो, ‘बाया येतीन तेव्हा पाहू.’ त्याच्याकडे आम्ही सोमवारी पुन्हा जाणार आहोत, या वेळी सगळ्याजणी.