फलकाभिषेक

होसकोट्यात नवा कन्नड चित्रपट लागला, की नायकाच्या उंच कटआउटला हार चढतात, वरून दूध ओतले जाते. आमच्या घरी याला ‘फलकाभिषेक’ म्हणतात! पहिल्या खेळाला पहाटेच निघतो तो ‘पडदेकरी’. तिकीट न मिळाल्यास पाळायचे ते ‘तिकीट-सुतक’.

डॉ. राजकुमारांनी मात्र ही भक्तीच उलटी फिरवली. ते चाहत्यांनाच ‘अभिमानी देवरु’ म्हणत. कन्नडमध्ये अभिमानी म्हणजे चाहता आणि देवरु म्हणजे देव. २००६ साली ते गेले, तेव्हा त्यांचे नेत्रदान झाले. २०२१ मध्ये धाकटे चिरंजीव पुनीत यांचेही. त्यानंतर कर्नाटकात कितीतरी चाहत्यांनी नेत्रदानाचे अर्ज भरले.

याला काय म्हणावे? सासूबाई म्हणाल्या, ‘‘नेत्रप्रसाद!’’

हा शब्द मात्र कोणी हसण्यावारी नेला नाही.