यंत्राला भूमिका देताना

तुमची लेक किंवा धाकटी जाऊ कॉलेजात असेल, तर अभ्यासातल्या शंका ती मोबाइलवरच्या चॅटबॉटला विचारत असेलच. या यंत्राला आपल्याला हवी ती भूमिका देता येते, हे ठाऊक आहे का? साध्या मराठीत चार ओळी लिहून द्यायच्या, की ते तसं बोलू लागतं.

बारामतीत माझ्याकडे बी. ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुली अर्थशास्त्राच्या शिकवणीला येतात. त्यांतली एक इंदापूरहून एस.टी.नं ये-जा करते. लग्न झालेलं, पदरी लहान मूल. शंका असली तरी चारचौघींत विचारायला लाजते. तिच्यासाठी मी यंत्राला लिहिलं, "तू अर्थशास्त्राची चांगली शिक्षिका आहेस." झालं! त्यानं मागणी-पुरवठ्यावर आयता निबंधच हातात ठेवला. तिनं तो जसाच्या तसा उतरवला. मी त्यातलाच एक साधा प्रश्न विचारला, तर डोळ्यांत पाणी! चूक तिची नव्हती, माझी होती. नव्या कामवाल्या बाईंना "घर बघा" एवढंच सांगून आपण बाहेर पडतो का?

मग नव्यानं लिहिलं: "तू इंदापूरच्या बाजारातली भाजीवाली मावशी आहेस. आयतं उत्तर देऊ नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार. चुकलं तर कांदा-टोमॅटोच्या भावाचं उदाहरण दे. खात्री नसेल तर 'तुझ्या बाईंना विचार' असं सांग."

मावशीनं विचारलं, "आवक वाढली की भाव का पडतो गं?" एस.टी.त बसल्या बसल्या पोरीनं तीनदा चुकत उत्तर दिलं, चौथ्यांदा जमलं. दुसऱ्या दिवशी शिकवणीत पहिला हात तिचा!

तरी आंधळा भरवसा नको हं. याच मावशीनं उजनी धरण नीरेवर असल्याचं मला ठासून सांगितलं. ते भीमेवर आहे, हे इंदापूरकरांना का सांगायला हवं? म्हणून मुलींना देण्याआधी दहा प्रश्न मी स्वतः विचारते आणि उत्तरं पुस्तकाशी ताडून पाहते.

ही कल्पना तशी जुनीच. अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाचा बोलका प्रोग्रॅम लोकांपुढे मांडला. नाव शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या नायिकेचं. हो, ज्यावरून पु. लं.नी 'ती फुलराणी' लिहिलं, तेच नाटक. एलायझा मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका करी. माणसं तिच्यापाशी मन मोकळं करू लागली, तेव्हा वायझेनबाउमच अस्वस्थ झाले.

तेव्हा शेवटची ओळ विसरू नका: "विचारलं तर मी यंत्र आहे असं सांग." आणि लेकीलाही बजावा, नाव-पत्ता अन् घरातल्या गोष्टी तिथं लिहायच्या नाहीत. त्या सांगायला आपण आहोत ना!