‘त्यामुळे’ आणि ‘त्याच्यामुळे’

शब्दयोगी अव्यय शिकवताना आपण फळ्यावर ‘झाडाखाली’, ‘घरापुढे’ लिहितो, अव्ययाखाली रेघ मारतो आणि पुढच्या घटकाकडे वळतो. नामाला अव्यय जोडणं मुलांना जड जात नाही. बारकावा आहे तो सर्वनामाशी जोडताना, आणि नेमके तिथे आपण थांबत नाही.

‘पाऊस लांबला, त्यामुळे पेरणी खोळंबली.’ ‘मुकादम आला नाही, त्याच्यामुळे काम खोळंबलं.’ दुसऱ्या वाक्यात ‘त्यामुळे’ घातलं, तर काम अडलं ते त्याच्या न येण्यानं. ‘त्याच्यामुळे’ म्हटलं की दोष थेट मुकादमाच्या अंगावर जातो. ‘त्या’ला अव्यय सरळ चिकटतं ते वस्तू, घटना, विचार यांच्यासाठी, माणूस आला की मध्ये ‘च्या’ हवाच. ‘मी’, ‘तू’ यांना तर सरळ जोड आज उरलेलीच नाही. ‘मजवर’, ‘तुजसाठी’ कवितेत राहिले. आपण ‘माझ्यावर’, ‘तुझ्यासाठी’ म्हणतो.

डच भाषेत हाच भेद आणखी कडक आहे. ‘मी त्याची वाट पाहतो’ हे माणसाबद्दल असेल तर ‘इक वाख्त ऑप हेम’, पत्राबद्दल वगैरे असेल तर ‘इक वाख्त एरॉप’. शिवाय त्या ‘एरॉप’चे दोन तुकडे होऊन मध्ये ‘नाही’सुद्धा बसतं: ‘इक वाख्त एर नीत ऑप’. आपण फार तर ‘च’ मध्ये घेतो, ‘माझ्याचसाठी’.

आता आपल्या वाशीम, रिसोड, मानोऱ्याच्या वर्गाकडे या. इथलं मूल ‘माह्यापाशी’, ‘तुह्यासंग’ अगदी बिनचूक जोडतं; मूळ रूप कसं बदलायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. मात्र ‘पाणी नाई आलं, त्याच्यामुळं पेरलं नाई’ हेही ते सहज म्हणतं, कारण बोलण्यात ‘च्या’चं रूप पावसालाही चालतं. छापील मराठी त्या जागी ‘त्यामुळे’ पसंत करते. म्हणून मुलाच्या वाक्यावर लाल रेघ ओढू नये. त्याच्या वाक्याशेजारी छापील वाक्य लिहावं आणि अर्थ कुठे बदलतो, कुठे नाही, हे त्यालाच शोधू द्यावं. दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 सालचं. शिक्षकानं ते जरूर चाळावं, पण या पाठाची सुरुवात मुलाच्या तोंडच्या वाक्यानंच व्हावी.

एक गोष्ट आम्हाला तुमच्याकडून हवी आहे. बैल वस्तूही नाही नि माणूसही नाही. त्याच्याबद्दल बोलताना तुमच्या वर्गातली मुलं ‘त्यावर’ म्हणतात की ‘त्याच्यावर’, ते ऐका आणि त्यांच्या पूर्ण वाक्यांसह लिहून पाठवा.