मुठीतली खूण

मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण जपान्यांशी भिडली. पुढच्या वर्षी आराकानात कांगॉला कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात पंजाब रेजिमेंटची पलटण घेऊन लढले. १९४५च्या शरणागतीत जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्या. फील्ड मार्शल तेराउचींनी सायगावला माउंटबॅटन यांच्या हाती आपल्या दोन दिल्या. साध्या फौजींच्या ट्रंकेतूनही काही तलवारी घरोघर पोचल्या. जळगाव-धुळ्याकडे एखाद्या माळ्यावर अशी तलवार निघालीच, तर दसऱ्याच्या उत्साहात कुणी चिंच नि पॉलिश पेपर घेऊन तिच्यावर तुटून पडू नये! आधी मूठ पाहावी. अ‍ॅल्युमिनियमची ओतीव, वरून दोरी गुंडाळल्यागत रंगवलेली असेल आणि पात्यावर क्रमांक ठोकलेला असेल, तर ती १९३५च्या नमुन्याची, कारखान्यात घडलेली, हवालदार दर्जाच्या माणसाची. खरी फीत गुंडाळलेली, खाली माशाची खरखरीत कातडी असेल, तर अधिकाऱ्याची. तिच्या मुठीतली बांबूची खुंटी जाणकाराने काढली, की मुठीत दडलेला पात्याचा शेपटा दिसतो. लोहाराने सही केली असेल, तर ती तिथेच असते. तिथल्या काळ्या गंजावरून वय जोखतात. तो घासला की पुरावा गेला.

नऊ इंचांहून लांब पातं शस्त्र कायद्याच्या नियमांत नोंदलेलं आहे, तेव्हा पोलीस ठाण्यात आधीच विचारलेलं बरं. पुरावस्तू ठरायला मात्र शंभर वर्षं लागतात. १९३५च्या तलवारीची ती अजून भरलेली नाहीत. पण लष्करी म्यानात काही अधिकाऱ्यांनी खापरपणजोबांचं पातंही बसवून नेलं होतं.